राखेतले वाल

रविवार, १८ जून १९९५

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातल्या शिपायाने कपाटात पडून राहिलेलं हे कोरं रजिस्टर हातात कोंबलं. म्हणाला, साहेब, तुमच्याशिवाय याला कोण विचारणार. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले: नाव, कुळ, ठिकाण, तारीख, संग्राहक. एकतीस वर्षं मी या रकान्यांतून लिहीत आलो. आता त्यांच्यावरूनच आडवं लिहायचं ठरवलं आहे.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. म्हणजे वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची आणि खाली लॅटिन नाव लिहायचं. हजारभर नावं पाठ आहेत. हाताने उगवलेलं मात्र आयुष्यात काही नाही. दादरच्या गॅलरीतली तुळससुद्धा जयमालाच्या हातची, आणि ती मला तिला पाणी घालू द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही पाणी घालता की बुडवता?

एप्रिलमध्ये दादरच्या दोन खोल्या सोडून इथे कळंबोलीला बैठ्या घरात आलो. स्वयंपाकघरामागे बारा फूट बाय पंधरा फूट मोकळी जागा आहे. जयमालाला तिथे कपडे वाळत घालायचे आहेत. मला तिथे एक तरी भाजी उगवून पाहायची आहे. साठी जवळ आली, अजून मला ठाऊक नाही की मला झाडं येतात की नुसती त्यांची नावं येतात. हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

रविवार, २ जुलै

पुस्तकात दोन फूट खणा असं होतं, म्हणून खणलं. वर फूटभर मुरूम, त्याखाली काळी चिकट माती. तिला खाडीचा वास येतो आणि तिच्यात शंख निघतात. सात प्रकारचे शंख धुऊन खिडकीत मांडले. जयमाला म्हणाली, "भाजी लावताय की म्युझियम काढताय?"

एक म्हातारी बाई मागच्या कुंपणाशी उभी राहून बघत होती. गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेलं लुगडं, अंबाड्यात अबोली. कालही होती. बोलत नाही, नुसती बघते. जयमालाला वाटलं काम हवं असेल. धुण्याभांड्यांचं विचारायला ती बाहेर गेली आणि तोंड पाडून परत आली. बाईचं नाव पुतळाबाई. हायवेपलीकडच्या गावात तिच्या मुलाची, मितेशची, तीन मजली इमारत आहे आणि लोखंडबाजारात त्याचे चार ट्रक चालतात.

बुधवार, ५ जुलै

पुतळाबाई आज बोलल्या. त्या मला सरळ 'तू' म्हणतात. आधी जरा टोचलं, एकतीस वर्षं सगळे 'दिघेसाहेब' म्हणायचे. मग लक्षात आलं, त्या ट्रकवाल्या मुलालाही तू म्हणतात, देवालाही तू म्हणतात आणि काल आलेल्या वीजमंडळाच्या साहेबालाही तूच म्हणाल्या.

"ती खालची काली माती वर काढू नको. तिच्यान खार हाय. होती तिकरं लोट."

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय.

"पुस्तकवाला हितं आल्ता काय? आनि हया कोपऱ्याला चर मार. पानी हितंच थांबंल."

जमीन तर सगळीकडे सारखीच दिसते. उतार नाही. पाण्याच्या पातळीची नळी लावून पाहिली तर कोपरा खरोखर तीन इंच खाली निघाला. बाईंना कसं कळलं? मला वाटतं मुंग्यांच्या वाटांवरून. जुन्या लोकांना अशा खुणा कळतात. निरीक्षण चालू ठेवायला हवं.

रविवार, १६ जुलै

भेंडी आली. दोन पानं, मग तिसरं वेगळ्या आकाराचं. हे मी हजारदा शिकवणाऱ्या सरांच्या तोंडून ऐकलंय, पण ओल्या मातीत गुडघे टेकून पहिल्यांदा पाहिलं. गुडघे दुखतायत आणि मी खूश आहे.

दुपारी पुतळाबाई लुगड्याच्या ओच्यात काहीतरी घेऊन आल्या. एक चपटी काचेची बाटली, तोंडाला चिंधीचा बोळा, आत राख. राखेत वाल. बारीक, तांबूस, डोळ्यापाशी पांढरी रेघ.

"आमचे शेतानला कडवा वाल हाय. भराव पडला त्याला अकरा वर्सं झाली. तवापासून घरामागं चार हात जागंन लावीत होते. यंदा मितेशनं तिथं लादी घातली, गाड्या लावाला. आथा जागा नाय. तू लाव. भात कापतात ना, त्याचे मागारी. दिवालीनंतर. यंदा नाय लावला त मरंल तो."

किती लावू, असं विचारलं.

"सगला लाव. दाट फेक."

मी मोजले. दोनशे बारा दाणे. डोलिकॉस लॅबलॅब, कुळ शिंबावंत. तुमच्याकडे आणखी असतीलच ना, असं मी विचारलं तेव्हा त्या भेंडीकडे बघत होत्या. ऐकलं नसावं.

सोमवार, ७ ऑगस्ट

श्रावणातला दुसरा सोमवार. जयमालाचे भाऊ ठाण्याहून आले. आमच्या घरात श्रावणी सोमवारी वालाचं बिरडं नाही म्हणजे सणच नाही, आणि इथल्या वाण्याकडे धड वाल मिळत नाहीत. जयमालाने शनिवारीच फळीवरची बाटली दाखवली. मी आकडेमोड केली. पुस्तकाप्रमाणे दोन रोपांत एक फूट अंतर हवं. भेंडी, मुळा, झेंडू यांची जागा सोडली तर वालाला चाळीस दाणे पुष्कळ झाले. दोनशे बारा दाटीने फेकणं अशास्त्रीय आहे. चाळीस उत्तम दाणे निवडून राखेत परत ठेवले आणि उरलेले एकशे बहात्तर तिच्या हवाली केले.

एक गोष्ट नोंदण्यासारखी: भिजवून फडक्यात बांधले तर आज एकूण एक दाण्याला मोड आले होते. उगवणशक्ती शंभर टक्के. बाजारच्या वालात असं कधी पाहिलं नाही.

आम्ही तिघं सोलायला बसलो. नारळाचा रस, गूळ, दोन आमसुलं. आधी किंचित कडू, मग मागाहून गोडसर, आणि दाणा शिजून मऊ तरी अखंड. मेव्हणे वाटी चाटायचेच राहिले. पातेलं पुसून घेतलं आम्ही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर, दसरा

दाराला घरचा झेंडू. तोरणापुरता झाला आणि चार फुलं उरली. ती पुतळाबाईंना दिली. त्यांनी चारातली दोन केसांत घातली आणि दोन कुंपणातून हात घालून वाफ्याच्या कडेला जमिनीवर ठेवली. का, ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सूर्यग्रहण. जयमाला दारं लावून आत बसली, सोसायटीतल्या मोऱ्यासुद्धा गप्प होत्या. मी मागे दुधीच्या मांडवाखाली. पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी उन्हाचे गोल ठिपके पडतात, ते सगळे चंद्रकोरी झाले. शेकडो कोरी, मुरमावर, माझ्या पायजम्यावर. पुतळाबाई कुंपणापाशी येऊन बघून गेल्या. उद्यापासून त्या लेकीकडे उरणला, महिनाभर. डोळ्याचं ऑपरेशन आहे. जाताना म्हणाल्या, "वाल इसरू नको."

रविवार, ५ नोव्हेंबर

वाल लावले. चाळीस दाणे, फूटपट्टी ठेवून, एकेका फुटावर. दोन झाऱ्या पाणी. इथे नळाला भरपूर पाणी येतं, दादरला बादल्या भरून ठेवाव्या लागत. पाणी घालण्याचं सुख आम्हा दादरकरांनाच कळेल.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

अकरा उगवले. श्रावणात एकशे बहात्तरांपैकी एकशे बहात्तर, आणि आता चाळिसांत अकरा. बीज तेच, राख तीच. उरलेले उकरून भिंगाखाली पाहिले. लिबलिबीत, कुजलेले. पाणी कमी पडलं असेल का? तीन झाऱ्या करून पाहतो.

बुधवार, २२ नोव्हेंबर

अकरांचे सहा झाले. पानं पिवळी. तळोज्याकडून संध्याकाळी वारा येतो तेव्हा तो केमिकलचा वास असतो, त्याचा परिणाम असेल का? पण मुळ्याला काही झालेलं नाही. मेथीही झकास. फक्त वालच माझ्यावर रुसल्यासारखे. मला झाडं येत नाहीत, नुसती नावं येतात, असं वाटायला लागलंय.

रविवार, ३ डिसेंबर

पुतळाबाई आल्या. काळा चष्मा. कुंपणाबाहेर न थांबता पहिल्यांदाच फाटक उघडून आत आल्या, वाफ्यात बसल्या आणि माती चिमटीत धरली.

"पानी कोन घालतं?"

मी म्हटलं, मीच. रोज दोनदा.

"वालाला पानी देवाचा नाय रं. कदी नाय. भाताचे ओलीवं उगवतं, मग दवावं होतं. थंडीचा दव पितं तो."

म्हणजे मीच बुडवले. पुस्तकात 'आवश्यकतेनुसार पाणी द्यावे' असं आहे. आवश्यकता कोणाची ते लिहिलेलं नाही. तीन रोपं अजून तग धरून आहेत.

मग त्यांनी विचारलं, "बाकीचा बी?"

मी म्हणालो, "ठेवलाय. बाटलीत आहे."

त्या "बरा झाला" म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझ्या तोंडातून ते कसं निघालं मला कळत नाही. मी खोटं बोलणारा माणूस नाही. एकतीस वर्षांत एका कागदावर कधी चुकीचं ठिकाण लिहिलं नाही. जयमाला आतून सगळं ऐकत होती. जेवताना म्हणाली, "त्यांच्याकडे आणखी नाहीयेत, असं वाटतंय मला." मलाही तसंच वाटलं. पण मी म्हटलं, असतील गं.

शनिवार, ९ डिसेंबर

वाशीला एपीएमसी मार्केटात जाऊन आलो. धान्याच्या गाळ्यांतून तीन तास हिंडलो. माथाडी धक्के देत होते आणि मी प्रत्येक पोत्यातले दाणे तळहातावर घेऊन भिंगातून बघत होतो. एका व्यापाऱ्याने विचारलं, "काका, वाल घेताय का हिरे?" मोठे वाल, पांढरे वाल, पावटे, गुजरातचे, पुण्याकडचे. तांबूस, बारीक, डोळ्यापाशी पांढरी रेघ असलेले कुठेच नाहीत. शेवटी जरा जवळचे दिसणारे अर्धा किलो आणले. राखेत घालून बाटली भरून ठेवली. बाटली फळीवर आहे. तिकडे बघवत नाही.

रविवार, २४ डिसेंबर

तिन्ही रोपांना पांढरी फुलं. पाणी पूर्ण बंद. सकाळी पानांवर दवाचे थेंब असतात, साडेनऊपर्यंत जातात. ते कुठे जातात, पान पितं की ऊन, हे शोधण्यासाठी एका पानाखाली टिपकागद लावला आहे. पुतळाबाई रोज येतात. फुलं मोजतात. मीही मोजतो. आमचा आकडा जुळत नाही, कारण त्या बोटांच्या पेरांवर मोजतात आणि उमललेलीच धरतात. शेवंतीही फुलली आहे, पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही.

रविवार, १४ जानेवारी १९९६

मितेशने पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भरून मडकं उपडं घालून वर पेंढ्याचा जाळ. विलक्षण पद्धत आहे. पाण्याचा थेंब नाही, पाल्याच्याच वाफेवर शिजतं. मितेश मोठा प्रेमळ मुलगा, कोल्ड्रिंकची क्रेट उघडून बसला होता. शेंगा पनवेलच्या बाजारातून दोन गोण्या आणलेल्या.

पुतळाबाईंनी एकही शेंग खाल्ली नाही. मितेश म्हणाला, "आई दरवर्षी नखरे करते. खाऊन बघ ना, काय टेन्शन आहे?" त्या म्हणाल्या, "तो आमचा नाय." दात दुखत असतील असं मला आधी वाटलं. घरी कुलूप उघडताना जयमाला म्हणाली, "अकरा वर्षं बियाण्यापुरतेच येत होते त्यांचे वाल. त्या खात कशा असतील?"

मला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि मी ते कळून घेत नव्हतो, असं आता लिहितो.

रविवार, ४ फेब्रुवारी

मुळ्याच्या वाफ्यात खणताना काळ्या मातीचा एक लांब उंचवटा लागला, आतून दगड रचलेले, कोपऱ्याकडून सरळ स्वयंपाकघराखाली गेलेला. जुना गटारनाला असावा. पुतळाबाईंना दाखवला. त्यांनी चप्पल काढली आणि दगडाला हात लावला.

"बांध हाय तो," म्हणाल्या.

नोंद: बांध. कशाचा ते विचारायला हवं.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज शेंगा काढल्या. दोन रोपं वाळून खडखडीत झाली होती. तिसऱ्याला मी जास्त पाणी पाजलं होतं, ते अजून हिरवं आहे, शेंगाही हिरव्या. वाळलेल्या शेंगा पुतळाबाईंनी आणि मी ओट्यावर बसून फोडल्या. अठ्ठावन्न दाणे. बारीक, तांबूस, पांढरी रेघ. एकही मोठा किंवा गोल नाही.

एका फांदीची मी नेहमीच्या पद्धतीने दाब देऊन प्रत तयार केली आहे, कागदावर चिकटवलेली. तिच्याखाली रकाने भरत होतो. नाव झालं, कुळ झालं. ठिकाणापाशी थांबलो, कारण मूळ ठिकाण लिहायचं असतं. म्हणून विचारलं, "तुमच्या शेताला काही नाव होतं का?"

"होता ना. उघाडीवरला. खाडीचा पानी आत येव नय म्हनून बांधाला लाकडाची झडप होती. ती उघाडी. तिचे वरला शेत तो आमचा."

"आणि ते होतं कुठे?"

मी थट्टा करतोय की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला.

"हितं. तुजे मोरीपासून त तो बत्तीचा खांब दिसतं ना, तिथपरत. तो बांध त्या रोजी काढलास तो सासऱ्यानं घातलेला. हया कोपऱ्याला पानी थांबायचा, तिथं मी पोरांना घेऊन मासं धरायचे. तुला ठाव नव्हता?"

नव्हतं. आठ महिने ही बाई माझ्या कुंपणापाशी उभी होती आणि मी मुंग्यांच्या वाटांचा विचार करत होतो. दसऱ्याची ती दोन फुलं तिने जमिनीवर का ठेवली तेही आता कळलं.

"मना वाटला तुला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून त तुला बी दिला. दुसऱ्या कोनला दिला नसता."

मग मला राहवलं नाही. फळीवरची बाटली आणून त्यांच्यासमोर ओतली. राख ओट्यावर सांडली. मी सांगितलं, हे तुमचे नाहीत, वाशीच्या मार्केटातले आहेत. तुमचे एकशे बहात्तर आम्ही श्रावणात शिजवून खाल्ले. मी खोटं बोललो. उभं राहून सांगितलं. जयमाला दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मावशी, शिजवले मी. मलाही बोला."

पुतळाबाईंनी बाजारातला एक दाणा उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. "हे मना डिसेंबरानच दिसलं होतं. फलीवर," म्हणाल्या. "आंधली झाले नव्हते मी, ऑपरेशन झायलेला."

मग त्यांनी ओट्यावर सांडलेली राख तळहाताने एका बाजूला सारली. हायवेवरून लोखंडाचे ट्रक जात होते. मला वाटलं, आता उठून जातील आणि परत येणार नाहीत.

त्या म्हणाल्या, "कसा लागला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"वाल रं. खाल्लास ना. कसा लागला तो? मी अकरा वर्सं चाखला नाय."

मी सांगायला लागलो, आधी किंचित कडू, मग मागाहून गोडसर. माझं पुरं व्हायच्या आत जयमाला पायऱ्या उतरून सरळ वाफ्यात गेली आणि हिरव्या रोपाच्या सगळ्या शेंगा तिने पदरात तोडल्या. मला विचारलंही नाही. एका वाटीभर दाणे निघाले. पुतळाबाई "नको गं बाय, बी होईल त्याचा" म्हणत होत्या, तर जयमाला म्हणाली, "बियाला ते अठ्ठावन्न आहेत. हे तुमच्या ताटात."

नारळ, गूळ, दोन आमसुलं. पुतळाबाई आमच्या स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. पाट दिला तर घेतला नाही. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, चष्म्याआड. मी समोर पेपर लिहिलेल्या मुलासारखा बसून होतो. त्यांनी वाटी पूर्ण संपवली, बोटाने पुसून घेतली, तेव्हा कुठे बोलल्या.

"तोच हाय," म्हणाल्या. "पन पानी जास्ती पाजलास."

ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं: उघाडीवरलं शेत, कळंबोली. संग्राहक या रकान्यात एकतीस वर्षं सरांचं नाव लिहीत आलो. आज तिथे पुतळाबाईंचं लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. अठ्ठावन्न दाणे ताज्या राखेत आहेत. बाटली त्यांनी पुन्हा माझ्याच फळीवर ठेवली, आणि जाताना मोरीतली झारी उचलून आपल्याबरोबर घेऊन गेल्या.